दिवा बारीक करताना

दिवा लावणे आणि दिवा मालवणे या दोन क्रियांच्या दरम्यान आपल्या घरांत पूर्वी आणखी एक क्रिया नित्याची असे. ती म्हणजे दिवा बारीक करणे. कंदिलाची किल्ली किंचित फिरवून वात खाली उतरवली की काचेतील उजेड ओसरे, निजलेल्या मुलाच्या तोंडावरची तिरीप नाहीशी होई, आणि तरीही रात्री पाण्याचा तांब्या शोधताना कोणास चाचपडावे लागत नसे. समईच्या पाच वातींपैकी चार शांत करून एकच तेवत ठेवणे, ही त्याच क्रियेची अधिक जुनी रीत. पुढे विजेचा दिवा आला आणि त्याच्याबरोबर भिंतीवरचे बटण आले. बटणास 'आहे' आणि 'नाही' एवढ्या दोनच अवस्था ठाऊक. मधली अवस्था घरातून बहुतांशी नाहीशी झाली.

ती परत मिळविणे ही केवळ चैन आहे असे कोणी समजू नये. ज्या बिऱ्हाडात खोल्या दोन आणि माणसे सहा, तेथे एकाच छताखाली आजोबांची झोप, तान्ह्या बाळाचे दूध आणि परीक्षेचा अभ्यास या तिन्ही गोष्टी रात्री अकरा वाजता एकदमच चाललेल्या असतात. वृद्ध माणूस रात्री उठला तर अंधारात त्याला ठेच लागते, आणि छताचा मोठा दिवा एकाएकी लावला तर डोळे दिपून त्याचा तोल जातो. अशा घरात योग्य तेवढाच उजेड देणारा दिवा हे खरोखर सुरक्षिततेचे साधन होय.

सुदैवाने आज एलईडीच्या पट्ट्या, सुटे भाग आणि ते जोडण्याची हौस या तिन्ही गोष्टी सहज आढळतात. पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, कोठेही जा. शाळा-महाविद्यालयांतील मुले कागदाचा कपटा हातात धरून सुटे भाग मागताना दिसतील. परंतु दुकानदार मागितले ते देतो. काय मागावे हे आपणच घरून ठरवून जावे लागते. "दिवा कमी-जास्त करण्यासाठी कोणता भाग घ्यावा?" या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असावी लागतात. दिव्यास मिळणारी वीज कोणती? त्यातून प्रवाह किती वाहतो? आणि प्रवाह आवरताना जी उष्णता निर्माण होईल ती नेमकी कोणत्या भागावर पडेल? हे तीन प्रश्न क्रमाने सोडविले की भागांची निवड बहुतांशी आपोआप होते.

पहिला प्रश्न: वीज कोणती?

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदास ५० आवर्तने करणारी प्रत्यावर्ती वीज आहे. पंख्याचा किंवा जुन्या तारेच्या बल्बचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एलईडी बल्बला जोडून पाहण्याचा मोह पुष्कळांस होतो. प्रकाश कमी-जास्त करणारे रेग्युलेटर सामान्यतः विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकतात. तारेचा बल्ब ते निमूटपणे सोसतो, कारण त्याची तार तापलेली असते आणि क्षणार्धात निवत नाही. एलईडी बल्बच्या बुडाशी मात्र स्वतंत्र विद्युत्-मंडल असते. कापलेली लाट हाती आली की ते गोंधळते. बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो आणि कधी अल्पायुषीही ठरतो. ज्या बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' असे स्पष्ट छापलेले असेल, तोच त्याला अनुरूप डिमरबरोबर वापरावा.

घरी तयार केलेल्या दिव्यास हा मार्ग मुळीच नाही. स्वस्त बल्ब आणि दिवाळीच्या माळा यांपैकी कित्येकांत आतील भाग घरच्या विजेपासून अलग केलेले नसतात. त्यांस उघडून बोट लावणे म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटमध्येच बोट घालण्यासारखे आहे. बाजारात थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या लांबलचक एलईडी पट्ट्याही मिळतात आणि दिसावयास त्या १२ व्होल्टच्या पट्ट्यांसारख्याच असतात. म्हणून कात्री लावण्यापूर्वी पट्टीवरचा मजकूर वाचणे हे पहिले काम.

घरच्या कारागिराने १२ व्होल्टची पट्टी आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण असलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर यांवरच आपली सारी कारागिरी करावी. अ‍ॅडॉप्टर कधी उघडू नये, आणि मंद करण्याची युक्ती नेहमी अ‍ॅडॉप्टर आणि पट्टी यांच्यामध्ये बसवावी. सॉकेट आणि अ‍ॅडॉप्टर यांच्यामध्ये कदापि नव्हे. एवढे पथ्य पाळले तर चौदा वर्षांच्या मुलालाही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली हे काम करण्यास हरकत नाही.

दुसरा प्रश्न: प्रवाह किती?

एलईडीचा स्वभाव तारेच्या बल्बहून वेगळा आहे. पांढरा उजेड देणारी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावरील पिवळ्या लेपामुळे तिचा उजेड पांढरा दिसतो. ही निळी एलईडी साधणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अशा एलईडीला अडीच व्होल्टपेक्षा कमी दाब दिला तर ती जवळजवळ काहीच करीत नाही. तीन व्होल्टच्या आसपास ती चांगली उजळते. आणि त्यावर दाब आणखी थोडासाच वाढला तरी प्रवाह कित्येक पटींनी वाढून ती जळू शकते. बांधाच्या काठापर्यंत पाणी चढले तरी पलीकडचे शेत कोरडेच असते, आणि काठावरून वीतभर चढले की शेत वाहून जाते, तसाच हा प्रकार. म्हणून एलईडीचा दाब आवरून उजेड आवरू पाहणे हे हातचे नाही. तिचा उजेड ठरतो तो तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर, आणि आपण आवरावयाचा तोही प्रवाहच.

१२ व्होल्टच्या सर्वसाधारण पट्टीत तीन-तीन एलईडी एकापाठोपाठ जोडून प्रत्येक त्रिकुटाबरोबर एक चिमुकला रेझिस्टर बसविलेला असतो. पट्टीवर कात्रीची खूण दर तीन एलईडींनंतर असते ती याचमुळे. तीन एलईडी मिळून नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतात आणि उरलेले अडीच-तीन व्होल्ट तो रेझिस्टर आपल्या अंगावर घेऊन प्रवाहास शिस्त लावतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ आणि पुढील सर्व हिशेब त्याच्याच आधाराने करू. पलंगाच्या उशाशी लावण्यासाठी दोन मीटर पट्टी घेतली. तिच्यावर मीटरमागे ४.८ वॅट असे लिहिले आहे आणि मीटरमध्ये ६० एलईडी आहेत. दोन मीटरांचे ९.६ वॅट झाले. त्यांस १२ व्होल्टने भागले की ०.८ अँपिअर हा प्रवाह मिळतो. अ‍ॅडॉप्टर याहून थोडा सढळ असावा. दीड अँपिअरचा पुरेसा होईल. पट्टीचा रंग शक्यतो २,७०० ते ३,००० केल्विन, म्हणजे पिवळसर छटेचा घ्यावा. तारेचा बल्ब मंद केला की आपोआप तांबूस होत असे. एलईडीचा रंग मंद केल्याने फारसा बदलत नाही. रात्री डोळ्यांस खुपणारा निळसर पांढरा उजेड मंद केला तरी निळसरच राहील.

तिसरा प्रश्न: उष्णता कोणी सोसायची?

मंद करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पट्टीच्या वाटेत आणखी एक रेझिस्टर घालणे. हा उपाय सरसकट टाकाऊ आहे असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते बरोबर नाही. आपणांस एकच ठरीव मंद उजेड हवा असेल, उदाहरणार्थ जिन्यातला किंवा न्हाणीघराच्या वाटेवरचा रात्रदिवा, तर रेझिस्टरसारखा साधा आणि टिकाऊ भाग दुसरा नाही. आपल्या दोन मीटर पट्टीचा प्रवाह दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे ०.०८ अँपिअरवर आणावयाचा आहे असे समजा. इतक्या कमी प्रवाहास पट्टी सुमारे साडेआठ व्होल्टच घेते. उरलेले साडेतीन व्होल्ट बाहेरच्या रेझिस्टरवर पडले पाहिजेत. साडेतीनला ०.०८ ने भागले की सुमारे ४४ ओहम येतात. बाजारात याच्या जवळचा ४७ ओहमचा रेझिस्टर मिळतो. त्यावर पडणारी उष्णता म्हणजे साडेतीन गुणिले ०.०८, अर्थात सुमारे ०.२८ वॅट. रेझिस्टर नेहमी हिशेबाच्या दुप्पट क्षमतेचा किंवा त्याहून मोठा घ्यावा, या नियमाने पाव वॅटचा न घेता एक वॅटचा घ्यावा. झाला रात्रदिवा तयार.

अडचण येते ती उजेड हाताने कमी-जास्त करावयाचा असतो तेव्हा. जुन्या रेडिओच्या आवाजाची जी फिरकी, तिच्या आत असणारा पोटेन्शिओमीटर, दुकानाच्या भाषेत 'पॉट', हाच येथे आणून बसवावा असे कोणासही वाटते. परंतु हिशेब पाहा. पट्टीचा प्रवाह निम्म्यावर आणण्यास वाटेत अवघे पाच ओहम पुरतात. हाती असलेला पॉट मात्र बहुधा १० हजार किंवा एक लाख ओहमचा असतो. त्याची फिरकी केसभर हलली की उजेड निम्मा होतो, आणखी केसभर हलली की संपतो, आणि उरलेला सारा फेरा अंधारात जातो. शिवाय निम्म्या उजेडावर सुमारे पाऊण वॅट उष्णता पॉटच्या आतील काळ्या पट्ट्याच्या त्या केसभर जागेवरच साचते. तो पट्टा इतकी उष्णता सोसण्यासाठी केलेलाच नसतो. संपूर्ण पॉटची क्षमताही बहुधा पाव वॅटच्या आतबाहेर असते. थोड्याच वेळात जळका वास येतो आणि फिरकी निकामी होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रेझिस्टरने मंद केल्यास वीज वाया जाते आणि पुढे सांगितलेल्या स्पंदनांच्या पद्धतीने ती वाचते, असे सर्रास लिहिलेले आढळते. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीच्या बाबतीत तसे नाही. प्रवाह निम्मा केला की अ‍ॅडॉप्टरमधून निघणारी वीज दोन्ही रीतींनी सारखीच, म्हणजे १२ गुणिले ०.४, ४.८ वॅट भरते. भेद आहे तो उष्णतेच्या वाटपाचा. पहिल्या रीतीत जादा उष्णता एका बाहेरच्या भागावर पडते. दुसऱ्या रीतीत ती पट्टीवरच्या चाळीस चिमुकल्या रेझिस्टरांत वाटली जाते आणि तेथे ती मुळातच सोसण्याची सोय असते. दहा जणांचे ओझे एकाच्या डोक्यावर द्यायचे की दहा जणांनी वाटून घ्यायचे, एवढाच काय तो प्रश्न.

स्पंदनांची रीत

दिवाळीत मुले फुलबाजी गरागरा फिरवितात तेव्हा आपल्या डोळ्यांस एक अखंड वर्तुळ दिसते. ठिणगी प्रत्येक क्षणी एकाच ठिकाणी असते. डोळा ते सारे क्षण जोडून घेतो. डोळ्याच्या याच गुणाचा उपयोग करून एलईडीस पूर्ण प्रवाह द्यायचा, पण सेकंदास हजारो वेळा लावून-मालवून. लावलेला काळ अधिक, तर उजेड अधिक. मालवलेला काळ अधिक, तर उजेड मंद. एलईडी क्षणार्धाच्या अंशात पेटते आणि विझते, म्हणून ती या खेळात थकत नाही.

यासाठी दोन भाग प्रमुख लागतात: ठेका धरणारा आणि दार उघड-झाक करणारा.

ठेका धरण्यास ५५५ ही आठ पायांची चिप घ्यावी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हान्स कामेनझिंड यांनी तिची रचना १९७१ साली केली आणि १९७२ साली ती बाजारात आली. अर्ध्या शतकानंतरही ती गल्लोगल्ली मिळते, यातच तिची योग्यता आली. ती १२ व्होल्टवर उत्तम चालते.

दार म्हणून कोणता भाग निवडावा यात नवशिक्यांची गल्लत होते. बीसी ५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर स्वस्त खरा, पण तो एक दशांश अँपिअरहून अधिक प्रवाहास नाही. आपणांस तर ०.८ अँपिअर हवेत. टिप १२२ हा मोठा ट्रान्झिस्टर प्रवाह पेलतो, परंतु वाटेत सुमारे एक व्होल्ट स्वतःच गिळतो. त्यामुळे तो तापतो आणि पट्टीचा पूर्ण उजेडही घटतो. म्हणून येथे मॉस्फेट घ्यावा. आयआरएफझेड ४४ एन हा ५५ व्होल्टपर्यंतचा मॉस्फेट पूर्ण उघडला की त्याचा रोध एका ओहमचा पन्नासावा हिस्साही नसतो. ०.८ अँपिअर वाहताना त्यात एका वॅटचा जेमतेम शंभरावा हिस्सा उष्णता होते. त्यास उष्णता घालविणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावण्याचीही गरज नाही.

मात्र एक पथ्य आहे. हा मॉस्फेट नीट उघडण्यास त्याच्या 'गेट' या पायावर सुमारे दहा व्होल्ट लागतात. १२ व्होल्टवर चालणारी ५५५ ते देते. काही विद्यार्थी ५५५ ऐवजी पाच व्होल्टचे मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरतात. पाच व्होल्टवर हा मॉस्फेट अर्धवट उघडून तापू शकतो. त्यांनी कमी दाबावर उघडणारा आयआरएलझेड ४४ एन घ्यावा. नावात एका अक्षराचाच फरक आहे. दुकानात तो निक्षून पाहावा.

आता ठेका किती जलद असावा? तो ठरवितो एक लहानसा कपॅसिटर. सेकंदास शंभर-दोनशे वेळा लुकलुकणारा दिवा वरवर स्थिर दिसला, तरी वाचताना डोळे शिणणे आणि डोके दुखणे असा त्रास काहींना होऊ शकतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, पूर्णपणे लागणाऱ्या-विझणाऱ्या दिव्याचा ठेका सेकंदास १,२५० च्या वर असल्यास धोका कमी, आणि ३,००० च्या वर असल्यास परिणाम जाणवू नये. एक लाख ओहमच्या पॉटबरोबर '१०३' असे लिहिलेला कपॅसिटर घेतला तर ठेका सुमारे १,३०० पडतो. '३३२' लिहिलेला, म्हणजे ३.३ नॅनोफॅराडचा घेतला तर सुमारे ३,८०० पडतो. दोन्ही मिळणे सारखेच सोपे; ज्या उजेडात मुलांनी वाचावयाचे त्यासाठी ३३२ घ्यावा.

पॉट येथेही लागतोच, पण आता त्याच्यावर दिव्याचे ओझे नसते. तो केवळ ५५५ ला ठेक्याचे प्रमाण सांगतो, म्हणून तापत नाही. तो 'ए' खुणेचा घ्यावा की 'बी' खुणेचा, हा शेवटचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर डोळ्यापाशी आहे. आपला डोळा उजेड मापाने मोजत नाही. ढोबळ नियम असा की, उजेड चौथा हिस्सा उरला तरी डोळ्यांस तो निम्मा वाटतो. शंभरावा हिस्सा उरला तरी दहावा वाटतो. 'बी' खुणेचा पॉट सरळ हिशेबाने चालतो. तो अर्धा फिरविला तरी उजेड फारसा उतरलेला वाटत नाही आणि सारी मंदता शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. 'ए' खुणेचा पॉट आवाजासाठी केलेला असून प्रारंभी सावकाश चढतो; मध्यावर तो दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून तो डोळ्यांच्या चालीशी जुळतो. एक लाख ओहमचा, 'ए' खुणेचा पॉट मागावा.

जोडणी

जोडणी अशी: ५५५ चा १ क्रमांकाचा पाय ऋण तारेस, ४ आणि ८ धन तारेस. २ आणि ६ एकमेकांस जोडून तेथून ३३२ कपॅसिटर ऋण तारेस. ५ पासून १०३ कपॅसिटर ऋण तारेस. ७ पासून एक हजार ओहमचा रेझिस्टर धन तारेस, आणि ७ पासूनच एक तार पॉटच्या मधल्या पायास. पॉटचा दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता, डाव्या पायापासून एक ४१४८ डायोड २-६ च्या जोडाकडे, त्याची काळी पट्टी जोडाच्या बाजूस. उजव्या पायापासून दुसरा तसाच डायोड, पण काळी पट्टी पॉटच्या बाजूस. ३ पासून शंभर ओहमच्या रेझिस्टरमधून मॉस्फेटच्या गेटकडे, आणि गेटपासून दहा हजार ओहमचा रेझिस्टर ऋण तारेस. मॉस्फेटवरील अक्षरे आपल्यासमोर धरली असता डावीकडचा पाय गेट, मधला ड्रेन, उजवीकडचा सोर्स. सोर्स ऋण तारेस. ड्रेन पट्टीच्या ऋण टोकास. पट्टीचे धन टोक थेट धन तारेस. धन आणि ऋण तारांमध्ये ५५५ च्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅराड, २५ व्होल्टचा कपॅसिटर, त्याच्या ऋण खुणेकडे लक्ष देऊन, बसवावा. मॉस्फेटच्या पाठीचा धातू आतून ड्रेनशी जोडलेला असतो; त्याला दुसरी कोणतीही तार टेकू देऊ नये.

फिरकी अगदी डावीकडे नेली तरी दिवा पूर्ण मालवत नाही; सुमारे एक टक्का उजेड राहतो. पूर्ण मालवण्यासाठी धन तारेत निराळे बटण ठेवावे.

ज्यांस सोल्डरिंगची सवय नाही त्यांनी १२ व्होल्टचा तयार डिमर विकत आणण्यात काही कमीपणा नाही. त्याच्यावर ठेक्याचा आकडा बहुधा छापलेला नसतो. तेव्हा परीक्षा घरीच करावी. दिवा निम्म्यावर आणून त्याच्या उजेडात एक पेन्सिल पंख्यासारखी भरभर हलवावी. एका पेन्सिलीच्या जागी अनेक तुटक पेन्सिली दिसल्या तर ठेका मंद आहे. तो डिमर जिन्यात लावावा, अभ्यासाच्या मेजावर नव्हे.

एक वॅट किंवा तीन वॅटची सुटी मोठी एलईडी घेणाऱ्यांसाठी हा मार्ग जसाच्या तसा लागू नाही. तिच्याबरोबर पट्टीसारखा रेझिस्टर नसतो, आणि ठेक्याच्या प्रत्येक ठोक्यास तिला बेबंद प्रवाह मिळेल. तिला प्रवाह ठरीव ठेवणारा ड्रायव्हरच हवा. पीटी ४११५ या चिपच्या तयार पट्ट्या मिळतात. त्यांत मंद करण्याचा पाय स्वतंत्र दिलेला असतो. एलईडी स्वतः अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर बसवावी, कारण तिची उष्णता तिच्या पाठीतून निघते.

वीज गेल्यावर

मंद दिव्याचे खरे मोल वीज जाते तेव्हा कळते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी पुष्कळ घरांत यूपीएसमध्ये असते. अशा बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढू नये, नाही तर तिचे आयुष्य घटते; म्हणजे आपल्या हाती साडेतीन अँपिअर-तास. आपली पट्टी पूर्ण तेजाने लावली तर ०.८ अँपिअरने त्या चार तासांच्या थोड्या वर पुरतील. चौथ्या हिश्श्यावर आणली तर ०.२ अँपिअरने सतरा तास पुरतील, आणि डोळ्यांस उजेड निम्मा वाटेल. वादळात दोन रात्री वीज न येणाऱ्या गावी हा फरक लहान नाही.

दोन सूचना मात्र विसरू नयेत. बॅटरीच्या धन टोकाशी लगेच दोन अँपिअरचा फ्यूज बसवावा. तार चुकून टेकली तर लहानशी बॅटरीही तार लाल करण्याइतका प्रवाह देते. दुसरी सूचना अशी की, बॅटरी चार्ज होत असताना तिचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. पट्टीच्या रेझिस्टरवर एरवी अडीच-तीन व्होल्टच असतात; तेथे आणखी दोन-अडीच व्होल्ट आले की प्रवाह दीडपटीहून अधिक होतो आणि पट्टी तापते. तेव्हा चार्जिंग चालू असता पट्टी पूर्ण तेजाने लावू नये.

सर्व झाल्यावर पहिल्या संध्याकाळी दिवा तासभर पूर्ण तेजाने आणि तासभर मंद लावून ठेवावा आणि दर पंधरा मिनिटांनी मॉस्फेट, अ‍ॅडॉप्टर व पट्टी यांवर बोट टेकवून पाहावे. कोमट लागले तर ठीक. बोट ठेववत नसेल तर जोडणी पुन्हा तपासावी. मगच दिवा खोलीत कायमचा लावावा. आणि फिरकी कोठे ठेवायची हे ज्याने दिवा केला त्याने ठरवू नये. त्या खोलीत ज्याची झोप सर्वांत हलकी, त्यालाच ते ठरवू द्यावे.